चार फुटी फळी आणि चिमणीचं घर: पहिल्यांदाच करवत हातात घेणाऱ्यांसाठी

बडोद्यात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'चकलीनुं घर बनाववुं छे' म्हणायला मला आजही हसू येतं, कारण गुजरातीत चकली म्हणजे चिमणी आणि आपल्या घरात चकली म्हणजे दिवाळीचा डबा. सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता, त्याला सोबत घेऊन गेलो तर तो बिचारा पूर्ण वेळ याच विचारात, की मामा चकल्या ठेवायला लाकडी डबा कशाला करतोय आणि केलाच तर त्याला भोक कशाला.

तर ज्यांनी भिंतीत खिळा ठोकण्यापलीकडे काही केलं नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय, मीही त्यातलाच. लहानपण दांडिया बाजारातल्या जुन्या घरात गेलं, तिथे चिमणीला घर बांधून द्यायचा प्रश्नच नव्हता, तुळईच्या वरची फट, गणपतीच्या फोटोमागची जागा, मीटरच्या पेटीचं वरचं भोक, सगळीकडे त्यांचेच संसार. आजी रोज खाली पडलेल्या काड्या झाडता झाडता बडबडायची पण तो फोटो काही कोणाला हलवू द्यायची नाही. आता वासणा रोडला फ्लॅट आहे, गुळगुळीत भिंती, सरकत्या खिडक्या, नावाला फट नाही. आणि चिमणीला तांबटासारखं खोडात भोक पाडता येत नाही हो, तिला आयती जागा लागते. ती जागा आपण बुजवली, म्हणून हा सगळा उद्योग.

माझं पहिलं घर साफ फसलं, ते आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एमडीएफचं होतं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, लाल छप्पर, पिवळ्या भिंती, भोकाखाली बसायला छान गोल दांडी, आणि भोक चांगलं दोन इंची कारण मला वाटलं ऐसपैस बरं. घरात सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर गेला. चिमणी फिरकली पण नाही. एक साळुंकी त्या दांडीवर बसून आत डोकावून गेली, मग खारीने आत कापूस भरला, आणि जूनच्या दुसऱ्या पावसात एमडीएफ असं फुगलं की दुधात बुडवलेला पाव. ते घर मी माझ्या डोळ्यांना आवडेल असं बनवलं होतं. चिमणीला काय पाहिजे, तर तिच्याच अंगापुरतं भोक, कोरडा तळ आणि दुपारी न तापणाऱ्या भिंती, झालं. दिसायला ओबडधोबड चालेल, रंग नसला तर उत्तमच.

लाकूड

एमडीएफ नको, पार्टिकल बोर्ड नको, साधं स्वस्त प्लायही नको, पावसाळ्यात थर सुटतात. पाइनची, आंब्याची किंवा सागाची साधी फळी घ्या, जाडी कमीत कमी १५ मिलिमीटर. इथे मे महिन्यात पारा आरामात चाळिशी ओलांडतो आणि पातळ फळीचं घर म्हणजे पिल्लांसाठी भट्टी होते, म्हणून पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या डब्यांना पण माझा नकारच आहे. मातीचं मडकं चालतं, पण ते सुताराचं काम नाही.

नवी फळी लाकडाच्या वखारीत मिळते, इथे तिला लाटी म्हणतात. पण माझा सल्ला असा की आधी भंगारवाल्याकडे चक्कर मारा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मशीनं येतात ती पाइनच्या खोक्यात आणि पॅलेटवर (माल ठेवायची लाकडी चौकट), नंतर तेच लाकूड भंगारात निघतं आणि मातीमोल भावात मिळतं. फक्त एक बघायचं. बाहेरदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चित्र असलेला एक शिक्का असतो, त्यात देशाच्या कोडनंतर दोन इंग्रजी अक्षरं असतात. एचटी असेल तर बिनधास्त घ्या, म्हणजे कीड मारायला लाकूड नुसतं तापवलंय, गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं. एमबी असेल तर घेऊ नका, त्याला मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी गॅसची धुरी दिलेली असते. शिक्का नसलेल्या फळीला ऑइलचे डाग किंवा केमिकलचा वास असला तर तीही नको.

आपल्याला लागते एक फळी, ६ इंच रुंद, ४ फूट लांब, आणि छपरासाठी वेगळा एक तुकडा २० बाय २३ सेंटीमीटर. बस.

हत्यारं

करवत, ड्रिल मशीन (शेजाऱ्याकडे असतंच, मागा), गुण्या (काटकोन बघायला), कानस, पॉलिश पेपर, दीड इंची स्क्रू वीसेक, सायकलची फाटकी ट्यूब. स्क्रू ड्रायव्हर मागताना इथे डिसमिस म्हणायचं, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं मलाच दुकानातून डिसमिस करतायत. खिळे शक्यतो नकोत, फळीच्या टोकाशी खिळा ठोकला की पाइन उभं चिरतं, आणि पुढे साफसफाईला घर खोलायचं असतं तेव्हा खिळे फार त्रास देतात.

कापणं

आता नीट लक्ष द्या, कारण सगळं गणित इथे आहे आणि एकदा कापलं की कापलं. फळी साधारण १५ सेंटीमीटर रुंद आहे असं धरून चाललोय. आधी ३८ सेंटीमीटरचा तुकडा, ती मागची फळी, ती मुद्दाम लांब ठेवायची कारण वर आणि खाली टांगायला जागा लागते. मग ४५ सेंटीमीटरचा तुकडा, त्याच्यातून दोन्ही बाजूच्या भिंती निघतात एकाच तिरप्या कापात: वरच्या कडेला डावीकडून २५ वर खूण करा, खालच्या कडेला डावीकडून २० वर, दोन्ही खुणा रेषेने जोडा आणि त्या रेषेवर करवत चालवा. दोन सारखे तुकडे मिळतात, एक कड २५ ची, दुसरी २० ची, आणि छपराला उतार आपोआप येतो. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं, ती म्हणाली भूमितीत पस्तीस मार्क होते ना तुम्हाला.

मग पुढची फळी, उंची १९.५. वीस नाही, साडेएकोणीस. उतारामुळे पुढच्या फळीची बाहेरची कड छपराला टेकते आणि पूर्ण वीसची ठेवली तर छप्पर तिथे अडून डुगडुगतं, माझं डुगडुगलं, नंतर तासभर कानस घासत बसलो. अर्धा सेंटीमीटर कमी घेतला की छप्पर नीट बसतं. शेवटी तळ, १२ सेंटीमीटरचा तुकडा. बेरीज ११४.५ होते, चार फूट म्हणजे जवळपास १२२, म्हणजे करवतीच्या भुश्यात गेलेलं धरूनही पुरतं. हे माप १५ मिलिमीटर जाडीसाठी आहे, फळी जाड असेल तर तळ तेवढा कमी कापा: फळीच्या रुंदीतून जाडीची दुप्पट वजा केली की तळाची रुंदी.

करवत धरताना नवशिके जोर लावतात. जोर नाही लावायचा. पहिले तीन-चार हात उलटे, नुसते आपल्याकडे ओढायचे, खाच पडली की मग लांब सावकाश हात, पूर्ण पातं वापरून. फळी स्टुलावर ठेवा, गुडघ्याने दाबा, आणि शेवटच्या दोन सेंटीमीटरला कोणाला तरी पडणारा तुकडा धरायला सांगा नाहीतर लाकूड तुटून लांब ढलपी निघते.

भोक

या एका भोकावर सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर. चिमणीसाठी ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. यात चिमणी आरामात जाते, साळुंकी जात नाही, कबुतराचा तर प्रश्नच नाही, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कबुतर म्हणजे काय ते मी सांगायला नको. माप घ्यायला कंपास नसेल तर दहा रुपयांचं नाणं घ्या, ते २७ मिलिमीटरचं असतं, पुढच्या फळीवर ठेवा आणि त्याच्या बाहेरून चारी बाजूंनी अडीच मिलिमीटर सोडून गोल काढा, बरोबर ३२ होतं. भोकाचा मध्य फळीच्या वरच्या कडेपासून ४ सेंटीमीटर खाली. तसं केलं की आतल्या तळापासून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर खोली मिळते, मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लांपर्यंत सहज पोचत नाही.

सव्वा इंचाची होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) किंवा चपटा बिट ड्रिलला लागतो, तो असेल तर दोन मिनिटांचं काम, फक्त मागून एक फालतू तुकडा दाबून धरा म्हणजे पलीकडची बाजू फाटत नाही. नसेल तर गोलाच्या आतून कडेकडेने ५ मिलिमीटरच्या बिटने एकाला एक लागून भोकं पाडत जा, पूर्ण चक्कर झाली की मधली चकती हातोडीने हलकेच ठोकून काढा, आणि मग कानस. सारखं सारखं नाणं लावून बघत राहायचं. कडा आतून-बाहेरून पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, दिवसातून शेकडो वेळा चिमणीचं अंग तिथून घासत जाणार असतं.

आणि दांडी लावू नका. प्लीज. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक शोभेच्या घरट्याला दांडी असते, माझ्याही होती. चिमणी सरळ उडत येऊन भोकाच्या कडेला पाय रोवते, तिला दांडी लागत नाही, लागते ती कावळ्याला, आरामात बसून आत चोच घालायला.

पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला मात्र भोकाखाली करवतीने चार-पाच आडव्या बारीक खाचा मारा, जिन्यासारख्या. पिल्लांना बाहेर यायच्या वेळी नखं रुतवायला काहीतरी पाहिजे. रंधा मारलेली चकचकीत फळी असेल तर हे विसरूच नका.

जोडणी

जोडायच्या आधी तळाच्या चारी कोपऱ्यांत एकेक भोक पाडा, पेन्सिल जाईल एवढं, आत आलेलं पाणी जायला. बाजूच्या दोन्ही भिंतींत वर दोन-दोन भोकं, ८ मिलिमीटरची, गरम हवा जायला. ही राहून जातात, आणि मग घर जोडल्यावर ड्रिल आत शिरत नाही.

मागची फळी आडवी ठेवा, तिच्यावर दोन्ही भिंती उभ्या करा, लांब कड मागे. भिंतींच्या खाली मागच्या फळीचे ५ सेंटीमीटर बाहेर राहतील, वर ८. प्रत्येक स्क्रूआधी बारीक बिटने, अडीच मिलिमीटरच्या, भोक पाडून घ्या, तरच लाकूड चिरत नाही. मग तळ आत बसवा पण भिंतींच्या अगदी कडेला नाही, अर्धा सेंटीमीटर वर, कारण पाऊस भिंतीवरून ओघळत खाली येतो आणि तळाची कड बाहेर असली की ती पाणी पीत बसते. मग पुढची फळी. फेविकॉल लावायचा तर बाजूंना लावा, माझ्या मते स्क्रू पुरेसे आहेत.

छपराची मागची कड मागच्या फळीला टेकवायची आणि सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकायची, ती बिजागरी पण होते आणि पाणी पण अडवते. पितळी बिजागरीपेक्षा हे मला जास्त पटलंय, बिजागरीच्या फटीतून पाणी आत जातंच. छप्पर पुढे ५-६ सेंटीमीटर बाहेर आलं पाहिजे आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. पुढून उघडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक स्क्रू नाहीतर हुक, माकडं बडोद्यातही येतात.

रंग आतून अजिबात नाही. बाहेरून लावायचंच तर अळशीचं तेल पातळ हाताने, आणि मग दोन-तीन आठवडे उघड्यावर वास जाईपर्यंत वाळवा. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा. गडद रंग नकोच, उन्हात तापतो.

टांगायचं कधी आणि कुठे

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो, २०१० पासून, त्या दिवशी लोक उत्साहाने घरटी टांगतात. चांगलंय, पण तोपर्यंत बऱ्याच जोड्यांनी जागा धरलेली असते. माझं वेळापत्रक वेगळं आहे: उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, झालं की टांगायचं. आधी नाही, कारण १४ आणि १५ जानेवारीला बडोद्याच्या आकाशात पक्ष्यांनी उडूच नये अशी परिस्थिती असते, आणि नंतरचे पंधरा दिवस गच्चीवर, झाडांवर, केबलवर मांजा लोंबत राहतो. तर आधी काठी घेऊन आपल्या गच्चीचा आणि समोरच्या झाडाचा मांजा गोळा करा, छोटे तुकडे करून कचऱ्यात टाका. चिमण्या घरट्यासाठी दोरे उचलतात आणि पिल्लाच्या पायात मांजा गुंतला की तो पाय जातो. मग फेब्रुवारीच्या आत घर भिंतीवर.

उंची जमिनीपासून किंवा गॅलरीच्या फरशीपासून अडीच-तीन मीटर. भोकाचं तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला, पश्चिमेचं ऊन मारतं आणि पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून पाणी आत फेकतो. छज्जाखाली मिळालं तर सोनं. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ नको, आणि पंख्याच्या खोलीत उघडणाऱ्या खिडकीशेजारी तर अजिबात नको, चिमण्या आत शिरतात आणि पंख्यात सापडतात, आमच्या जुन्या घरात हे दोनदा झालंय, आजीने मग उन्हाळाभर दिवाणखान्यातला पंखा लावू दिला नव्हता. झाडावर डोलत टांगू नका, भिंतीला घट्ट बसवा. चिमण्यांना शेजार आवडतो, तेव्हा दोन-तीन घरं जवळ जवळ लावली तरी भांडत नाहीत, म्हणजे भांडतात पण राहतात.

दाणापाणी ठेवायचं तर घरापासून लांब, नाहीतर कावळे आणि खारी घराशीच घोटाळत बसतात. आणि एक, दाण्यांवर पिल्लं मोठी होत नाहीत, पहिले काही दिवस त्यांना अळ्या-किडे लागतात, म्हणून कुंड्यांवर विषारी फवारे मारणं बंद. आमच्याकडे कढीपत्त्याच्या झाडावर दरवर्षी अळ्या येतात, त्या आता आम्ही तशाच सोडतो आणि फोडणीला कढीपत्ता खालच्या काकूंकडून आणतो.

मग वाट बघायची. पहिल्या वर्षी कोणी आलं नाही तर घर वाईट आहे असं नाही. आमच्याकडे दुसऱ्या घरात आठव्या महिन्यात नर येऊन भोकात बसून दिवसभर चिवचिव करत राहिला, बहुतेक जाहिरात करत होता, मग एक दिवस मादी झाडूची काडी घेऊन आली. अंडी साधारण तीन ते पाच, उबवायला अकरा ते चौदा दिवस, आणि पिल्लं दोन-सव्वादोन आठवड्यांत उडतात. या काळात छप्पर उघडून बघायचं नाही, फोटो नाही, भाच्याला खांद्यावर घेऊन दाखवणं नाही. एकाच मोसमात त्या दोन-तीनदा अंडी घालतात, म्हणून घर रिकामं दिसलं तरी लगेच हात घालू नका.

साफसफाई वर्षातून एकदा, मी दसऱ्यानंतर करतो. आठवडाभर आधी नीट बघून ठेवा की कोणी ये-जा करत नाहीये. तोंडाला रुमाल, हातात ग्लोव्ह्ज, जुनं घरटं पूर्ण काढायचं कारण त्यात पिसवा असतात, मग उकळतं पाणी ओतायचं, फिनाइल-साबण काही नाही, आणि दोन दिवस कडक उन्हात छप्पर उघडं ठेवून वाळवायचं. गेल्या वेळी आमच्या घरट्यातून झाडूच्या काड्या, नारळाच्या शेंड्या, कबुतराची पिसं, माझ्या बनियनचा एक तुकडा आणि कुठल्यातरी चनिया-चोळीचा लाल दोरा निघाला, त्याला अजून नखाएवढा एक आरसा चिकटलेला. तो आरसा बायकोने ठेवून घेतलाय. बाकी सगळं कचऱ्यात गेलं, आणि घर परत त्याच दोन स्क्रूंवर.